सगुणाआत्या आणि अंगणातला मोथा

माझ्या सगुणाआत्याला कोणाच्याही घरी न्या, ती आधी अंगणात उकिडवी बसायची. नमस्कार-चमत्कार मागून. तुळशीपाशी, पायरीच्या फटीत मोथ्याच्या तणाची एक पात दिसली की पिशवीतून खुरपी निघायची. पानाची चंची विसरेल, खुरपी नाही.

"मोथा वरून तोडला त हसते थो," ती बजावायची. "खालची गाठ काढा लागते, गाठ!" आणि ती काळी गाठ चोर पकडल्यासारखी चारचौघांना दाखवायची.

बालाघाटात आमच्या शेजारच्या साहेबांनी हौसेनं लावलेलं विलायती गवतही तिनं एकदा असंच साफ केलं. साहेब धावत बाहेर आले. आत्या म्हणाली, "राहू द्या, शेजारधर्म हाये."

आई गेल्यावर मला तिनंच वाढवलं. जवळ घेतल्याचं मात्र आठवत नाही. मी रडवेली दिसले की म्हणायची, "घरात काय बसून राह्यली? चाल, कुंपणाजवळ मोथा आला." तेवढीच तिची माया.

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराला मला लालबर्र्याचं स्थळ सांगून आलं. घर पाहायला बाबा आणि आत्या निघाले. बाबांनी आधीच तिची खुरपी काढून घेतली.

"बाई, तिथं कायलेच हात लावू नको."

"हौ रे."

पुढचं मला सासूबाईंनी सांगितलं. सासरे नुकतेच गेले होते, सासूबाईंचे स्वतःचे गुडघे धरलेले, आणि अंगणभर मोथा माजलेला. पोहे आले आणि आत्या गायब! बाबा शोधत गेले तर ही विहिरीपाशी, पोह्यांच्या चमच्यानं गाठी उकरत बसलेली. मुलाचे काका भडकले, "आमचं अंगण घाण हाये म्हणता काय?" बाबांना वाटलं, मोडलं लग्न.

सासूबाईंनी आतून खुरपी आणून आत्याच्या हातात दिली आणि पाट घेऊन शेजारी बसल्या.

"हे होते तवा एक पात दिसत नव्हती," त्या म्हणाल्या. "आता मले वाकता येत नाही."

"वाकू नका. तुमी फक्त दाखवा कुठं कुठं हाये थे."

संध्याकाळची बस चुकली. लग्न ठरलं.

मग आत्या दर महिन्याला लालबर्र्याला येऊ लागली. लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही म्हणून स्वतःची छागल भरून आणायची. "पोरीले भेटायले नाही आली, मोथा पाह्यले आली," असं दारातूनच जाहीर करायची. मी शेजारी जाऊन बसले की मातीवरची नजर न उचलता विचारायची, "जेवते नं बराबर?"

दोन पावसाळ्यांत अंगण स्वच्छ झालं. मागच्या भिंतीशी एक झुबका तेवढा उरला होता. एका दुपारी तो काढायला मी बसले, तर ओसरीवरून सासूबाईंनी हाक मारली.

"राहू दे थो."

"काहून?"

"तेवढाच त राह्यला. थोही काढला त विहीणबाई येतीन कायच्या निमित्तानं?"

मी खुरपी खाली ठेवली. उन्हानं पाती सुकायला आली होती. विहिरीवरून तांब्याभर पाणी आणलं आणि त्या मोथ्याला घातलं.