एका आढ्याखालचे विष्णूआबा

गेल्या मे महिन्यात मी आमच्या घराच्या छपरावर चढलो आणि शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात पडलो.

खाली विष्णूआबा चहा गाळत होते. मी त्यांच्या तांदळाच्या पोत्यावर आदळलो, माझ्या मागोमाग दोन कौलं आली आणि त्यांच्या मागून ऊन आलं. दुसरं कोणी असतं तर 'लागलं का' म्हणालं असतं. आबांनी गाळणी खाली ठेवली, आधी वरच्या भोकाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि विचारलं, "मास्तर, तुमाला पाठिवलं कुनी?"

आबांच्या मते या जगात आपसूक काहीच घडत नाही. नळाला पाणी आलं नाही तरी ते विचारतात, "ह्येच्या मागं कोन हाय?" आणि वेळेवर आलं तर जरा जास्तच काळजीनं विचारतात. उभी हयात त्यांनी जकात नाक्यावर लोकांच्या पोत्यांत हात घालण्यात घालवली. जकात बंद झाली, आबा घरी बसले, पण नजर अजून नाक्यावरच आहे. माझी बायको सुनंदा त्यांना लाडू नेऊन देते, तेव्हा ते वरचा लाडू बाजूला करून खालचा बघतात. सकाळी गंगावेशीत कट्ट्यावर, जिथं गिऱ्हाइकासमोरच म्हशीची धार काढून देतात, ताजं दूध प्यायला जातात. बाकीची माणसं ग्लास घेऊन म्हशीच्या अलीकडं उभी असतात, आबा एकटे पलीकडं. "अलीकडचं समद्यास्नी दिसतंय की. पलीकडं काय चाललंय त्ये कोन बघनार?" असं ते म्हणतात. म्हशीलाही ते फारसं रुचत नसावं. ती मान वळवून वळवून त्यांच्याकडं बघते.

अशा माणसाबरोबर मला छपराचा निर्णय घ्यायचा होता. मंगळवार पेठेतली आमची दोन घरं एकमेकांना चिकटून आहेत. दारं वेगळी, वीजमीटर वेगळे, पण वर मंगलोरी कौलांचं छप्पर एकच आणि ते पेलणारं लाकडी आढंही एकच. मधली भिंत पुरुषभर उंचीची. तिच्या वर कौलांपर्यंत सगळं मोकळं. त्यांनी फोडणी टाकली की आम्ही शिंकतो.

आमची शाकारणी वडिलांच्या काळापासून रज्जाक मिस्त्री करतात. यंदा ते वर जाऊन आले आणि हात झटकत म्हणाले, आढं किडलंय, हा पावसाळा काढेल असं वाटत नाही. दोन वाटा होत्या. आढं बदलून जुनीच कौलं पुन्हा घालायची, नाहीतर सगळंच उतरवून लोखंडी सांगाडा आणि पत्रा. काहीही करा, पण दोन्ही घरांचं एकदम करा. आढं अर्धं बदलता येत नाही. मला पत्रा हवा होता. आमच्या शाळेतल्या एका मास्तरांनी निळा पत्रा घातला होता आणि तेव्हापासून ते स्टाफरूममध्ये जरा ताठ बसायचे.

आबा मात्र म्हणाले, "किडलंय म्हननाऱ्याच्या मागं कोन हाय, त्ये आदी बघा."

हा रोग संसर्गजन्य असतो. दोन दिवसांत मलाही रज्जाकभाईंच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसायला लागलं. ज्या माणसानं मला कडेवर घेतलं होतं, त्याच्यावर संशय घेऊन मी स्वतः शहानिशा करायला शिडी लावली. वर गेलो तर काही कौलांवर पांढऱ्या ऑइलपेंटचे ठिपके. मी शिक्षकी बुद्धीनं ताडलं की मिस्त्रींनी खराब कौलांवर खुणा केल्या आहेत. म्हणून नीट बघायला तिकडं सरकलो. प्रत्यक्षात ते ठिपके आबांनी दिले होते, स्वतःच्या सगळ्या कौलांवर, कोणी बदलून नेऊ नयेत म्हणून. म्हणजे मी तपासत होतो ते शेजाऱ्याचं छप्पर. आढं किडलंय हे मात्र पडता पडता अगदी जवळून दिसलं.

त्यामुळं आढ्याचा वाद मिटला. पत्र्याचा सुरू झाला. आबा पत्र्याच्या दुकानात जाऊन तुकड्याला लोहचुंबक लावून आले, नाण्यानं खरवडून आले, आणि रोज एक नवं कारण सांगू लागले. सोमवारी पत्रा तापतो, मंगळवारी वाजतो, बुधवारी उडतो. मी प्रत्येकाला उत्तर देत गेलो. शेवटी रज्जाकभाई सहज बोलून गेले की पत्रा घातला की मधली भिंतही वरपर्यंत चढवू, म्हणजे ज्याचं घर त्याला.

आबा बसले होते ते उभे राहिले. "भिंत हाय तेवढीच ऱ्हाऊ दे."

का, ते सांगेनात. म्हशीला जाब विचारणारा माणूस स्वतः कारण देईना. आता मागं कोण आहे हे शोधायची पाळी माझी होती, आणि मला ते सापडलं. म्हातारा आमचं ऐकत होता. पुरावाही होता. मला आंबट ढेकर येतात हे मी फक्त सुनंदाला सांगितलं होतं, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी आबा ओव्याची पुडी घेऊन दारात हजर. तेव्हा मी ओवा खाल्ला होता. आता त्याचा अर्थ लागला.

मी घरात कुजबुजायला लागलो. सुनंदा म्हणाली, एक तर नीट बोला, नाहीतर गप्प बसा. मग मी सापळा लावला. रविवारी दुपारी जेवताना भिंतीकडं तोंड करून मोठ्यानं म्हणालो, "ही छपराची कटकट नको. कुरुंदवाडला तुझ्या भावाशेजारी जागा आहे. जूनच्या आत हे घर सोडून तिकडंच राहायला जाऊ."

सुनंदाचा आमटीचा डाव हवेतच राहिला. पलीकडं ताट जमिनीवर सरकल्याचा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रज्जाकभाई अंगणात माप घेत असताना आबा आले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट. माझ्याकडं त्यांनी बघितलंच नाही. "रज्जाक, पत्रा घाल," ते म्हणाले. "भिंत पार वरपतोर ने. फट ऱ्हाऊ देऊ नगंस." मग सुनंदाकडं वळून हळूच म्हणाले, "आता तरी जागा सोडू नका, सूनबाई."

मी चोर पकडल्यासारखा पुढं झालो. "म्हणजे तुम्ही आमचं ऐकता!"

"ऐकतो की," आबा म्हणाले. लाज नाही, काही नाही.

मग त्यांनी जे सांगितलं ते सगळं सुनंदाला सांगितलं. त्यांची बायको, आमच्या काकू, वारल्यापासून ते एकट्यापुरतं रांधतात. भूक लागली का नाही हेच त्यांना कळत नाही. कधी कधी भाकरी संध्याकाळपर्यंत तशीच राहते. "तुमच्यात ताटं मांडल्याली ऐकू आली की मी बी माजं घेतो. पलीकडं मानसं जेवत्यात म्हटलं की घास उतरतोय. न्हायतर न्हाय."

रज्जाकभाई एकाएकी मापाची फीत फार काळजीपूर्वक गुंडाळू लागले. मी ओव्याच्या पुडीचा विचार करत होतो आणि ती आठवण नको वाटत होती. सुनंदानं मात्र वेळ घालवला नाही. "भाई, आढं बदला आणि जुनीच कौलं परत घाला," ती म्हणाली. "भिंतीला हात लावू नका."

"आनि कुरुंदवाड?" आबांनी विचारलं.

"कुठलं कुरुंदवाड? माझ्या भावाकडं स्वतःची गाडी लावायला जागा नाही."

आबांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली. निळा पत्रा माझ्या आयुष्यातून गेला होता, त्याचं मला तितकंसं वाईट वाटलं नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "आबा, मग आमचं सगळंच ऐकू येतं म्हणायचं?"

"सूनबाईचं ऐकतो," ते म्हणाले. "तुमी बोलाय लागला की मी हात धुऊन उठतो. जेवताना जरा कमी बोलत जावा मास्तर, शाळंला सुट्टी लागल्यापास्नं माजं पोट भरंना."