ओंकारमामांची जर्मनची बोट

ओंकारमामा तांबट आमच्याकडे आले की आधी उंबऱ्यातच उभे राहून विचारायचे, "बाई, चहा कशात उकळला?"

कल्हईच्या पातेल्यात, एवढं सांगून भागत नसे. पातेलं आणून दाखवावं लागे. मामा त्याला बोटाच्या पेराने ठोकत, कान लावत आणि मगच पाटावर टेकत. ॲल्युमिनियमच्या भांड्यातलं साधं पाणीही त्यांना चालत नसे. त्या काळी आमच्या बुऱ्हाणपुरात ॲल्युमिनियमला सगळे जर्मन म्हणत. स्वस्त, हलकं, कल्हईची कटकट नाही. लढाई संपल्यावर घराघरात जर्मन शिरलं आणि मामांच्या दुकानात माश्या बसू लागल्या. "जर्मन लढाई हरलं ना, पेपरात छापून आलं ना?" मामा म्हणायचे, "मग माझ्या गिऱ्हाइकांच्या चुलीवर कोण बसलंय?"

बुधवारा पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून त्यांचं घर आणि पुढे दुकान. मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. माझं सगळं घड्याळावर चाले, आणि घड्याळ बंद पडलं तर मामांच्या हातोड्यावर. सहाला ठोके सुरू, बाराला बंद. बायको लवकर गेलेली. एकुलती मुलगी कौसा लग्न होऊन सासरी. बोलायला उरली होती ती भांडी, आणि भिंतीपलीकडची मी.

आणि अशा माणसाने एक दिवस जर्मनची बोट विकत घेतली.

मुलांनो, तुम्ही कुठूनशी जुनी बोट आणून अंगणात घासत बसला आहात, तिचा तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला, म्हणून हे लिहिते आहे. मामांची बोटही सपाट बुडाची, बसायच्या तीन फळ्यांची, अगदी तशीच होती. संस्थानं विलीन होत होती ती वर्षं. जवळच्या एका छोट्या संस्थानिकाचं सामान लिलावात निघालं. गावातले लोक झुंबरं आणि गालिचे घेऊन आले, एक वकील तर पेंढा भरलेला वाघ घेऊन आले. मामांनी आणली राजेसाहेबांची मासे धरायची बोट. तबेल्यात पडून पडून तिच्यात कोंबड्या अंडी घालायला लागल्या होत्या. बैलगाडीवर उपडी घालून ती शनवाऱ्याच्या दरवाजातून आत आली तेव्हा दोन्ही बाजूंना माणसं उभी होती.

"मामा, एवढं मोठं पातेलं कुणाचं?"

"तुझ्या सासऱ्याच्या तेराव्याचं," मामा म्हणाले.

मामा मच्छीच्या वासाला नाक धरून पळत. म्हणजे मासे धरणार नव्हते. मग बोट कशाला? कुणी म्हणे भंगारात विकतील, कुणी म्हणे डोकं फिरलं. मामा उत्तर देत नसत. दारापुढे बोट उपडी घालून तिची डागडुजी करत बसत. बूड दोन-तीन जागी फाटलेलं, कडेचे रिबिट निखळलेले. मी म्हटलं, फाटल्या जागी ॲल्युमिनियमचाच पत्रा लावा. मामांना ते अपमानासारखं लागलं.

"माझ्या हातचं काम आहे, बाई. त्यात तांबंच लागणार. तेही दुप्पट जाड."

महिनाभर ठोके चालले. चंदेरी पोटावर लालबुंद ठिगळं, आरशासारखी लखलखीत. काम खरोखर देखणं होतं, ते मान्य करायला हवं. लोक हसायला येत आणि हात फिरवून परत जात.

बोटीच्या कडेला एक इंग्रजी पाटी होती. मामांनी मला वाचायला बोलावलं. "चार माणसं. जास्त बसू नयेत," मी सांगितलं.

"यात पोर मोजतात का?"

"कुणाचं पोर?"

"कुणाचंही. समजा दीड वर्षाचं." एवढं बोलून मामा पाटी चिंचेने घासू लागले. ती आधीच लख्ख होती.

तेव्हा मला उलगडा झाला. कौसाचं सासर तापीच्याच काठी, खाली रावेरच्या बाजूला. लग्नात मामांनी तिला तांब्याचे हंडे, घंगाळ, कळशी सगळं स्वतः घडवून दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी ते तिला भेटायला गेले तर अंगणात जर्मनचा हंडा, आणि व्याह्यांच्या दुकानात जर्मनची रास. व्याही स्वतः तांबट! माझं तांबं मोडीत घातलं, असं म्हणून मामांनी तो हंडा लाथेने उडवला. वेशीत उभं राहून शपथ घेतली, "या गावात पुन्हा पाय ठेवला तर बापाचं नाव लावणार नाही." व्याह्यांनीही मग कौसाला माहेरी पाठवलं नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या साऱ्या लेकी माहेरी येत, झोक्यावर बसून गाणी म्हणत. त्या दिवशी मामा दुकान उघडत नसत. पुढे बाजारात कापसाच्या एका गाडीवाल्याकडून कळलं, कौसाला मूल झालंय. पहिलं बाळंतपण, तेही सासरी. मुलगा की मुलगी, हेसुद्धा त्याला माहीत नव्हतं.

"पण नदी कुणाच्या वेशीत नसते ना, बाई?" मामा म्हणाले. गावात शिरायची वाट वेशीतून, तिथला नावाडी त्या गावचा, त्याची नावही त्या गावची. म्हणून स्वतःची बोट. कार्तिकी पौर्णिमेला बायका घाटावर आंघोळीला येतात, कौसाही येईल. तिला आणि पोराला बोटीत बसवायचं, पलीकडच्या काठावर उतरवायचं आणि तिथून गाडीने घरी. सगळं ठरलेलं होतं. हे कौसाला मात्र कुणी कळवलेलं नव्हतं.

माझ्या शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात होतं की दोन निराळे धातू एकमेकांना टेकून पाण्यात राहिले तर एक दुसऱ्याला खातो. मी पुस्तक नेऊन दाखवलं.

मामांनी चित्र पाहिलं, पुस्तक मिटून परत दिलं. "बाई, इंग्रजी तुमचं, तांबं माझं. तांब्याने आजपर्यंत कुणाला खाल्लं नाही."

मी घरी आले. वहीत तपासल्याची खूण करावी तशी मनात खूण केली. सांगायचं ते सांगून झालं. पुन्हा सांगायला मी गेले नाही. या गोष्टीत माझा वाटा एवढाच आहे, आणि तो लहान नाही.

त्यातच घाटावरचे भोई चेष्टेने म्हणाले, "मामा, नवी नाव चार महिने मुरवावी लागते." लाकडाच्या नावेचं खरंच आहे ते, फळ्या फुगून फटी बुजतात. मामांनी पावसाळाभर बोट दगड ठेवून मागच्या हौदात बुडवून ठेवली. दसऱ्यानंतर वर काढली तेव्हा प्रत्येक ठिगळाभोवती पांढरी पूड होती, ज्वारीच्या पिठासारखी.

"जर्मनचा मळ निघतोय," मामा समाधानाने म्हणाले, "बिलकुल निघू दे." आणि चिंच-राखेने घासून त्यांनी ती पूड साफ केली.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी राजघाटावरून मामा निघाले. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि मांडीवर फडक्यात बांधलेला लहानसा तांब्याचा पेला. भोयांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

चौथ्या दिवशी ते चालत परत आले. दुकान न उघडता सरळ आमच्याकडे आले आणि पायरीवर बसले.

"अर्धी वाट वल्हं मारलं, बाई, अर्धी वाट पाणी उपसलं. तरी पोचलो. घाट दिसला. कौसा दिसली, कडेवर पोर. आणि तेवढ्यात बूड गेलं. ठिगळं जागच्या जागी आहेत हो. त्यांच्या भोवतीचं जर्मन गेलं."

बोट खाली बसली आणि मामा छातीभर पाण्यात उभे राहिले. घाटावरच्या बायका आधी ओरडल्या, मग हसल्या. कौसा गुडघाभर पाण्यात उतरली. "आबा, वर या."

"वर तुझ्या सासऱ्याचं गाव."

"अजून तेच? कशाची शपथ धरून बसलात, आबा? हंडे त्यांनी नाही मोडले. मी बदलून घेतले. मला उचलत नव्हते. दुप्पट जाड पत्रा घातलात तुम्ही. रिकामा हंडाच कमरेत उसण भरवायचा, भरलेला घेऊन या पायऱ्या कशा चढायच्या? पाचवा महिना होता मला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही हंड्याकडं बघितलं. माझ्याकडं बघितलंच नाही."

मामा हे सांगताना माझ्याकडे पाहत नव्हते. मी म्हटलं, "मग वर जायचं होतं की. शपथेचं काय उरलं होतं?"

"शपथ कसली, बाई? तोंड नव्हतं उरलं."

त्यांनी पोरासाठी हात पुढे केले. पेला बोटीबरोबर गेला होता. ओला, दाढी वाढलेला म्हातारा पाहून पोर किंचाळलं आणि आईच्या मानेत शिरलं. वरून सासूने हाक मारली. कौसा थोडा वेळ थांबली. मग पोराला थोपटत पायऱ्या चढून गेली, आणि मामा पोहत पलीकडच्या काठाला लागले.

"मुलगी आहे," ते म्हणाले. "डोळे कौसाचेच."

मला काहीतरी करणं भाग होतं. मी आतून कागद आणि दौत आणली. कौसाला चार इयत्ता मीच शिकवल्या होत्या, तिला वाचता येत होतं. म्हटलं, "मामा, आत्ताच्या आत्ता पत्र लिहू या. आधी नातीला आशीर्वाद, मग कौसाला. सांगा, नातीचं नाव काय?"

मामांनी दौतीला बोटाच्या पेराने एकदा ठोकून पाहिलं.

"विचारायचं राहिलं, बाई."