ओरोझालीचा मुरगळलेला पाय

"कादिरकुलभावजींच्या माशाची शेपटी म्हणे तव्याबाहेर लोंबत होती," झुराकान चहा ओतता ओतता म्हणाली, आणि ओरोझालीच्या घशात पावाचा तुकडा अडकला.

शेजारच्या कादिरकुलचं नुसतं नाव काढलं तरी त्याच्या अंगाची लाही लाही व्हायची. कादिरकुल गावचा हाडवैद्य. त्याने आपली हाडं बसवावीत ना! पण नाही. दर वसंतात, डोंगरावरचं बर्फ वितळून नदी गढूळ व्हायच्या आत, हा गळ घेऊन जायचा आणि हातभर लांबीचा ट्राउट मासा खांद्यावर टाकून नेमका ओरोझालीच्या कुंपणावरून परतायचा. बावीस वर्षांच्या संसारात झुराकानने आपलंही एकदा तोंडभरून कौतुक करावं, एवढीच ओरोझालीची इच्छा होती. पण मागच्या वर्षी त्याने आणलेला मासा पाहून ती म्हणाली होती, "मांजरीपुरता आहे."

"आज बघच तू!" असं म्हणून त्याने मांडीपर्यंतचे रबरी बूट चढवले आणि निघाला.

आणि काय सांगावं, नदी त्या दिवशी त्याला पावली. पुलाच्या वरच्या डोहात गळाला असा हिसका बसला की ओरोझालीने बसकणच मारली. अर्धा तास झुंज देऊन बाहेर काढलं तर मांडीएवढा ट्राउट, सगळ्या अंगावर लाल ठिपके! त्याला रडूच आलं.

आता पंचाईत पुढेच होती. शिकार घेऊन येणाऱ्याला वाटेत गाठून कुणी 'शिरालगा!' म्हटलं, की त्याला वाटा द्यायचाच, अशी तिथली रीत. नाही म्हणालात तर पुढे जन्मभर शिकार मिळत नाही. हाडवैद्याकडे मागायला सगळे बिचकायचे, पण ओरोझालीला कोण सोडणार? म्हणजे घरी पोचेपर्यंत काटासुद्धा उरायचा नाही, आणि झुराकानला तर अख्खा मासा दाखवायचा होता. शेवटी त्याने मासा उलटा करून उजव्या बुटात कोंबला आणि शेपटीवर कोट ओढला. झालं! गुडघा वाकेना.

पुलावर बात्मा आजी गाढव घेऊन उभी होती.

"अगं बाई! ओरोझाली, पायाला काय झालं रे?"

"काही नाही आजी, जरासा मुरगळलाय."

माशाचा जीव अजून पुरता गेला नव्हता. त्याने बुटात उसळी मारली आणि ओरोझाली किंचाळला.

"मुरगळलाय कसला, मोडलाय! बस गाढवावर. कादिरकुलकडे नेते."

"त्याच्याकडे नको! आजी, हात जोडतो!"

"जोड की. पाय तो जोडेल."

कादिरकुलच्या अंगणात पाचसहा जण जर्दाळूच्या खोडांना चुना फासत होते. हातातलं काम टाकून सगळे धावले. कादिरकुलने डोळे मिटून बूट वरूनच चाचपला आणि त्याचा चेहरा गंभीर झाला.

"इतकी वर्षं हाडं बसवतोय, पण असं हाड पाहिलं नाही," तो हळूच म्हणाला. "हे हलतंय."

"बूट काढू नका! आपोआप बरं होईल!" ओरोझाली ओरडला. पण दोघांनी खांदे धरले, दोघांनी बूट ओढला, आणि ट्राउट धपकन अंगणात पडला.

कादिरकुलचे डोळे माशावरून हलेनात. त्याचे कान लाल झाले, मग ओठ आवळले गेले. हा जळतोय! माझ्यावर जळतोय! ओरोझालीला इतका आनंद झाला की तो 'मोडक्या' पायावर ताठ उभा राहिला.

"शिरालगा!" बात्मा आजी कडाडली. लगोलग सगळ्यांनीच री ओढली.

"आजी, निदान घरी दाखवून आणू द्या हो!"

"लपवून नेत होतास ना? मग तुझा वाटा नाही," आजीने निकाल दिला. तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. मानाचं डोकं तिला गेलं, बाकी तुकडे इतरांना. सगळ्यांत शेवटी कादिरकुल जमिनीकडे बघत "शिरालगा," असं पुटपुटला आणि मधला गुबगुबीत तुकडा घेऊन आत गेला.

ओरोझाली एका कोरड्या आणि एका ओल्या पायाने घरी आला.

"मिळाला का काही?" झुराकानने विचारलं.

"मिळाला होता. एवढा!"

"मग कुठाय?"

"वाटला. सगळा."

झुराकानने त्याच्या दोन हातांमधलं अंतर पाहिलं आणि ती चुलीकडे वळली. थोड्या वेळाने कादिरकुलच्या बायकोने कुंपणावरून एक झाकलेली ताटली पुढे केली. "गरम आहे तोवर खा गं," म्हणून ती तव्यावरचं करपेल या धास्तीने लगेच परत गेली.

झुराकानने घास घेतला आणि तिचे डोळे मिटले.

"काय मासा आहे हो! असला मासा ओढायचा तर मनगटात जोर हवा, डोकं थंड हवं. खरा मर्द गडी!"

"अगं, तो माझा आहे! माझ्या बुटातला!"

झुराकानने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. तिला खरंच त्याची दया आली.

"अहो, माणसानं जळावं, पण किती? आता शेजाऱ्याच्या ताटलीतला मासासुद्धा तुमचाच? आणि काय तर म्हणे, बुटातला!" उरलेला तुकडा तिने त्याच्यापुढे सरकवला. "घ्या, खा गुपचूप. आणि उद्या जाऊन विचारा त्यांना, कसा धरतात ते. विचारलं तर नाही म्हणायचे नाहीत, स्वभावाने चांगले आहेत ते."