वहीचा वानवळा

पद्मजाबाईंनी नववी ब चे पेपर तिसऱ्यांदा तपासले, तिसऱ्यांदा बेरीज केली, आणि तिसऱ्यांदाही उत्तर तेच आलं. नववी अ ची सरासरी पंचवीसपैकी चौदा आणि नववी ब ची अठरा. आपला एखादा वर्ग हुशार निघाला तर कुठल्याही शिक्षिकेला आनंद व्हायचा. पद्मजाबाईंनी मात्र पेपरांचा गठ्ठा चौथ्यांदा पुढ्यात ओढला.

त्याचं असं होतं. बाई रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवीत आणि गेली सहा वर्षं पीएच.डी. करीत. विषय होता 'माध्यमिक स्तरावर ऑनलाइन अध्ययनाची परिणामकारकता'. साल दोन हजार चार. सगळी मे महिन्याची सुट्टी खर्चून बाईंनी 'हृदय आणि रक्ताभिसरण' हा धडा स्वतः टाइप केला, चित्रं जमवली आणि वेबसाइटवर चढवला. घरातल्यांनी त्या वर्षी आंबे खाल्ले, बाईंनी फक्त साली उचलल्या.

प्रयोग अगदी सरळ होता. नववी अ म्हणजे प्रायोगिक गट. त्यांना पासवर्ड दिला, त्यांनी कॉम्प्युटरवर शिकायचं. नववी ब म्हणजे नियंत्रित गट. त्यांना तोच धडा, त्याच बाई, पण खडू-फळ्यावर. शेवटी दोघांची परीक्षा. अ पुढे गेला तर पद्मजाबाई डॉक्टर. ब पुढे गेला तर सहा वर्षं खाडीत. मार्चअखेर नोंदणीची मुदत संपत होती. एक मुदतवाढ आधीच खाऊन झालेली, दुसरीच्या अर्जावर पुण्याच्या गाईडसरांची सही हवी, आणि सर शनिवारी स्वतः आकडे बघायला येणार होते. आज होता मंगळवार.

चौथ्यांदा पेपर चाळताना बाईंचं लक्ष एका प्रश्नाकडे गेलं. बेडकाच्या हृदयाला कप्पे किती? ब वर्गातल्या अडतीस मुलांपैकी पस्तिसांनी उत्तर लिहिलं होतं, चार. बाई पेपर घेऊन तडक वर्गावर गेल्या.

"अरे, मी तुम्हाला किती कप्पे शिकवले?"

"तीन, बाई!" सगळा वर्ग ओरडला.

"मग चार का लिहिलेत?"

मुलं एकमेकांना कोपरं मारू लागली. शेवटी पहिल्या बाकावरचा ऋत्विक उठला. स्वभावाने गरीब, खोटं बोलणं जमत नाही असा मुलगा.

"बाई, आम्हाला वाटलं तुम्ही चुकलात. कॉम्प्युटरात चार आहेत."

कॉम्प्युटरात चार होते, कारण टाइप करताना बाईंनीच चार लिहिले होते. ती चूक त्यांना आत्ता, या क्षणी कळली. पण त्याहून मोठी गोष्ट पाठोपाठ डोक्यात शिरली.

"तू कॉम्प्युटर कुठे बघितलास रे?"

"कॉम्प्युटर नाय बघितला, बाई. वही बघितली."

वही होती नववी अ मधल्या वैष्णवीची. शाळेत कॉम्प्युटर सहा आणि अ वर्गात मुलं बेचाळीस. एकेका पडद्यापुढे सात-सात डोकी. त्यात इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून येणार, म्हणजे हृदयाचं चित्र वरून खाली ओळीओळीने उतरायचं. डावी झडप दिसेपर्यंत तासाची घंटा व्हायची. बाकीची मुलं माऊससाठी भांडत असताना वैष्णवी शहाण्यासारखी पडद्यावरचा मजकूर वहीत उतरवून घेई. चित्रं काढून, रंग भरून. अ वर्गाने माऊस फिरवला आणि ब वर्गाने ती वही घोकली, असा सगळा प्रकार.

"तुला मी काय सांगितलं होतं?" बाईंनी वैष्णवीला विचारलं. "ब वर्गात कोणाला काही सांगायचं नाही म्हणून?"

"सांगितलं नाय, बाई. शपथ. नुसती दिली." आणि मग डोळे भरून, "आईनेच सांगितलं द्यायला."

आई म्हणजे मालन. मालन त्याच शाळेत शिपाई होती, त्यामुळे दूर जावं लागलं नाही. ती घंटेखालीच उभी होती.

"मालन, अगं काय केलंस हे?"

"काय केलं बाई? आमच्या वाडीत फणस फोडला तर पहिले गरे शेजारी जातात. नवा तांदूळ निघाला तर वाटीभर शेजारी. वानवळा नको द्यायला? आणि कॉम्प्युटरातली विद्या एकट्या माझ्या पोरीने खायची? शेजारचा ऋत्विक बघत बसेल नि हिच्या घशाखाली उतरेल काय?"

"अगं, तो नियंत्रित गट आहे!"

"असेना. पोरगा चांगला आहे."

बाईंनी वही ताब्यात घेतली. संध्याकाळपर्यंत कळलं की ती एकटी नाही. ऋत्विकने तिच्यावरून एक उतरवली होती, त्याच्यावरून त्याच्या मामेबहिणीने, आणि चौघांनी मिळून एक झेरॉक्स काढली होती. बुधवारी बाईंनी ब वर्गाची झडती घेतली आणि पाच वह्या जप्त केल्या. गुरुवारी सकाळी हेडमास्तरांच्या खोलीसमोर सात पालक उभे.

"बाई," हेडमास्तर हात जोडून म्हणाले, "मी तीस वर्षं नोकरी केली. गोट्या जप्त केल्या, बेचक्या जप्त केल्या, एकदा जिवंत खेकडा जप्त केला. पण अभ्यासाच्या वह्या जप्त करणाऱ्या तुम्ही पहिल्या. ह्या पालकांना मी काय सांगू? की पोरं फार अभ्यास करतात म्हणून बाई रागावल्यात?"

बाईंनी वह्या परत दिल्या. वैष्णवीची तेवढी टेबलाच्या खणात ठेवली, पुरावा म्हणून.

शुक्रवारी घरी ताट पुढ्यात घेऊन बाई नुसत्या भात चिवडत होत्या. सासरे आप्पा कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. त्यांना सुनेचा चेहरा बघवेना. सगळी हकिगत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली आणि ताकाचा भुरका मारून म्हणाले, "अगो, एवढंच ना? आकड्याला हात लावूच नकोस. वर्गांची नावं बदल. अ ला ब म्हण नि ब ला अ म्हण. कागद स्वच्छ राहतो, आणि कोणाचं पोट दुखत नाही."

"आप्पा, ते खोटं होईल."

"खोटं कसं? मुलं तीच, मार्क तेच. नावात काय ठेवलंय?"

खरं सांगायचं तर बाईंना मोह झाला. सहा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. वर्गात तीन सांगून कॉम्प्युटरात चार लिहिणाऱ्या बाईचा खोटेपणा एकदा तर करून झालाच होता, तोही नकळत. दुसरा जाणूनबुजून करायला कितीसा वेळ लागणार? ताट सारून त्या कागद घेऊन बसल्या, पेन उघडलं, 'अ' वर टोक टेकवलं. मग ऋत्विकचा चेहरा आठवला, आणि भर वर्गात उभं राहून त्याने सांगून टाकलेलं खरं. त्यांनी पेन मिटलं. नववीतल्या पोराला जमतं ते आपल्याला जमू नये, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

शनिवारी गाईडसर आले. उंच, कडक इस्त्रीचे, घड्याळाकडे बघून श्वास घेणारे गृहस्थ. चहाला हात न लावता त्यांनी आकडे मागितले. चष्मा वर केला, खाली केला.

"हे उलटं झालंय. रकाने चुकलेत का तुमचे?"

घ्या! सरांनीच दार उघडून दिलं. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर काम झालं असतं.

"नाही सर. आकडे बरोबर आहेत. माझा नियंत्रित गट नियंत्रणात राहिला नाही."

आणि त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगून टाकलं. बेडकासकट. सरांचा चेहरा लाल होत गेला. नमुना दूषित झालाय, संशोधनाला शिस्त लागते, पुण्यात असं खपवून घेतलं जात नाही, असं बरंच ते बोलले. मग म्हणाले, "कुठे आहे ती वही?"

बाईंनी खणातून काढून दिली. सरांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. हृदयाच्या रंगीत चित्रापाशी थांबले. चहावर साय धरली तरी ते वाचतच होते.

"हं," ते शेवटी म्हणाले आणि वही खाली ठेवली. "नवीन नियंत्रित गट घ्यावा लागेल. दुसऱ्या गावचा."

"देवरूखची शाळा घेऊ, सर?"

"देवरूखला माझी नणंद असते," दारातून मालन म्हणाली. ती कपबशा न्यायला आली होती. "वहीची झेरॉक्स पोचलीय तिथे."

"मग केळशी?" बाईंनी घाईने विचारलं.

"केळशी माझं माहेर."

सरांनी डोळे मिटून घेतले. "या जिल्ह्यात नकोच. पुणे घ्या. आमच्या मुलीची, वैदेहीची शाळा, तीही नववीलाच आहे. मी बारा वर्षं त्या सोसायटीत राहतोय, समोरच्या दारामागे कोण राहतं ते मला आजतागायत माहीत नाही. तिथे कोणी कोणाला काही देत नाही. नियंत्रित गट असावा तर असा!"

आणि त्यांनी मुदतवाढीच्या अर्जावर सही ठोकली. बाईंना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. एक वर्ष मिळालं होतं, तेही खरं बोलून. सरांच्या पिशवीत आमसुलं भरायला त्यांनी मालनला पाठवलं आणि स्वतः हेडमास्तरांना सही दाखवायला धावल्या.

एसटी स्टँडवर पुण्याची गाडी लागलेलीच होती. सर खिडकीत बसले, पिशवी मांडीवर घट्ट धरून. "शिस्त, बाई, शिस्त!" गाडी हलता हलता त्यांनी बजावलं. बाईंनी मान डोलावली. गाडी फाटकाबाहेर पडली तशी मालन जरा जवळ सरकली.

"बाई, रागवायचं नाय हां. सायबांच्या पिशवीत आमसुलांखाली वैष्णवीची वही आहे."

"मालन!" बाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, त्यांची वैदेही आता नियंत्रित गटात आहे! पुण्याला पोचून त्यांनी पिशवी उघडली म्हणजे?"

"उघडतील की. त्यांनीच मागून घेतलीन," मालन म्हणाली. "वर मला म्हणाले, बाईंना एवढ्यात बोलू नको."