अकरा पावलांची हकीकत

श्रीगजवदनास नमन. वाऱ्यास नमन, जो कोणाचाही पक्ष घेत नाही. गवतास नमन, ज्यावर राजाचा चेंडू आणि रंकाचा चेंडू सारखाच थांबतो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, त्या दिवशी एका संस्थानात जे वर्तले ते येणेप्रमाणे. संस्थानाचे नाव सांगण्याची आज्ञा नाही. संस्थानास किल्ला नाही, तट नाही, तोफ नाही. सगळा मुलूख हिरव्या गवताचा, आणि त्यात अठरा ठाणी, आणि प्रत्येक ठाण्यावर एक निशाण, आणि निशाणाच्या पायथ्याशी वाटीएवढा खळगा. काठीने चेंडू मारीत जावे, थोडक्या फटक्यांत खळग्यात पाडावा, म्हणजे ठाणे सर झाले, अशी तेथील युद्धाची रीत. लोक या खेळास गोल्फ म्हणतात. संस्थानात त्यास मोहीम म्हणत.

दरसाल मार्गशीर्षात जोडीची मोहीम निघे. तिचा कायदा असा की माणसे दोन आणि चेंडू एक. पहिल्याने मारावे, चेंडू पडेल तेथून दुसऱ्याने मारावे, पुन्हा पहिल्याने, असे आळीपाळीने निशाणापर्यंत जावे. एकाने खड्ड्यात घातला तर दुसऱ्याने काढावा, आणि तक्रार करू नये. म्हणून मोहिमेपूर्वी दोघांनी चेंडूपारख्यापुढे उभे राहावे, आणि पारख्याने दोघांचे हात तपासून दोघांस चालेल असा एक चेंडू ठरवावा, आणि तो चेंडू जोडीच्या नावापुढे लिहावा. मुदत पंचमीच्या सूर्यास्तापर्यंत. ज्याची जोडी मोडली आणि त्या मुदतीत नवी जमली नाही, त्याचे नाव माजी लोकांच्या फळ्यावर चढे, आणि सकाळच्या पाळीवरचा त्याचा हक्क जाई. माजी लोकांनी दुपारी यावे, झाडाखाली बसावे, इतरांचा खेळ पाहावा.

त्या संस्थानात त्रिंबकराव हळबे म्हणून गृहस्थ होते. पूर्वी पाटबंधाऱ्यांच्या कामावर होते, तेथून निवृत्त होऊन बारा वर्षे झालेली, वय सत्तरास एक कमी. पत्नी सहा वर्षांमागे निवर्तली, मूलबाळ नाही. बोलणे थोडे. मागणे त्याहून थोडे. त्यांची जोडी हैबतराव काळसेकरांशी, ती एकोणीस वर्षे अभंग राहिली. पहाटे हैबतरावांनी दारात येऊन हाक द्यावी, त्रिंबकरावांनी काठ्या घेऊन निघावे, असा क्रम. हैबतराव मोठ्या आवाजाचे आणि हलक्या हाताचे. निशाणाच्या जवळपास चेंडू आला म्हणजे त्यांच्या हातास जे सुचे ते दुसऱ्या कोणास सुचत नसे. त्रिंबकरावांकडे लांबचे फटके, आणि ते उजवीकडे वाकत, आणि सातव्या ठाण्यावर वाळूचा खंदक उजवीकडेच होता. मग हैबतराव खंदकात उतरत आणि ओरडत, "त्रिंबका, तू पाटबंधाऱ्यात होतास की रेतीच्या ठेक्यात?" आणि एकाच फटक्यात चेंडू निशाणापाशी ठेवीत, आणि वर येऊन चहुकडे पाहत, की कोणी पाहिले की नाही. त्रिंबकराव म्हणत, "पाहिले, पाहिले." हैबतराव गेल्या चैत्रात, चार दिवसांच्या तापाने गेले.

तेव्हापासून आठ महिने त्रिंबकराव एकटेच मैदानात जात. सकाळची पाळी त्यांच्या नावे होती म्हणून जात. मार्गशीर्ष लागला, आणि दरबारचे पत्र आले की पंचमीपर्यंत जोडी आणावी, नाहीतर नाव माजी फळ्यावर घेण्यात येईल. त्रिंबकरावांनी अर्ज केला की, दोन्ही फटके मीच मारीन, एकट्यास मोहिमेत घ्यावे. दरबारने उत्तर दिले की एकट्याची जोडी होत नाही. मग पंचमी उजाडली, आणि त्रिंबकराव दिवसभर घरीच बसून राहिले, आणि दिवस चार घटका उरला तेव्हा उठून पारख्याच्या तंबूकडे चालते झाले.

पारखी म्हणजे दादाजी उकिडवे. तोंडाने फटकळ, कामात चोख. त्यांच्यापाशी एकनेत्री यंत्र होते. ते चेंडूमागे गवतावर बसे, आणि फटका बसताच चेंडू किती वेगाने गेला, किती उंच गेला, किती गिरक्या घेतल्या आणि किती पावलांवर थांबला, ते आकड्यांत सांगे. दादाजींनी वर पाहिले आणि म्हणाले, "या राव. दुसरे कोण?"

त्रिंबकराव म्हणाले, "माझी मोजणी करा. दुसऱ्याची तुमच्या वहीत आहे."

"कोणाची?"

"हैबतीची. गेल्या सालचीच घ्या. माणसाचा हात वर्षात काय बदलतो?"

दादाजींनी वही मिटली. ते म्हणाले, "राव, त्यांचा हात मी वीस वर्षे पाहिला. माझाही जीव होता त्यांच्यावर. पण जो उद्या मारायला येणार नाही त्याचे आकडे मी लिहीत नाही. तुम्ही आलाच आहात, तर उभे राहा. निदान आपला चेंडू कोणता तेवढे कळेल."

त्रिंबकराव उभे राहिले आणि सवयीने सर्वांत लांब काठी काढू लागले. दादाजी म्हणाले, "ती ठेवा. सगळ्यांना आधी तोफ डागायची घाई. चेंडूची पारख निशाणाकडून मागे करायची असते. आधी वीस पावलांवरून, मग पन्नास, मग शंभर, आणि लांबचा फटका सर्वांत शेवटी." त्याप्रमाणे झाले. त्रिंबकरावांनी पिशवीतून नेहमीचा चेंडू काढला. हा मऊ कवचाचा, फार गिरक्या घेणारा, निशाणापाशी पडला की जागीच बसणारा. जवळचे फटके जेमतेम बरे गेले. मग लांबचा मारला, तो उंच चढला आणि उजवीकडे वाकला. दादाजींनी दुसरा चेंडू ठेवला, कवचाने कठीण, गिरकीने कमी. त्रिंबकरावांनी मारला. तो सरळ गेला. पुन्हा मारला, पुन्हा सरळ. असे दहा फटके मऊ चेंडूचे आणि दहा कठीण चेंडूचे झाले, आणि दादाजींनी सरासरी काढली. कठीण चेंडू अकरा पावले पुढे, आणि उजवीकडचा वाक निम्म्याहून कमी.

दादाजी म्हणाले, "तुमचा हात वाईट नव्हता, राव. दरसाल मऊच लिहा म्हणालात, दुसरा मारून पाहिलाच नाहीत. हा मऊ चेंडू तुमचा नव्हेच. एकोणीस वर्षे दुसऱ्याचा जोडा घालून चाललात."

त्रिंबकराव म्हणाले, "ठाऊक आहे."

दादाजींची लेखणी थांबली. मग त्रिंबकरावांनी सांगितले, तेही वहीकडे पाहत, माणसाकडे नव्हे. अकरा वर्षांमागे हैबतराव लेकीच्या लग्नात गुंतले होते, तेव्हा त्रिंबकराव एकटेच मैदानात गेले. गवतात कोणाचा तरी हरवलेला चेंडू सापडला. सहज मारला. तो सातव्या ठाण्याचा खंदक ओलांडून सरळ पलीकडे गेला. त्यांनी जाऊन पावले मोजली, आणि चेंडू उचलून पाहिला, तर तो कठीण जातीचा. मग तो हरवलेल्या चेंडूंच्या टोपलीत टाकला आणि घरी आले. हैबतरावांचे सारे कसब मऊ चेंडूवर होते. कठीण चेंडू निशाणापाशी थांबला नसता, घसरत पुढे गेला असता, आणि त्या माणसाचा हात सामान्य दिसला असता. म्हणून बोलले नाहीत. पुढे दहा वर्षे खंदकात घालीत राहिले आणि टोमणे ऐकत राहिले.

 दादाजींनी कठीण चेंडू पुन्हा मांडला आणि म्हणाले, "आणखी एक मारा. मोजणीसाठी नव्हे." त्रिंबकरावांनी मारला. असा फटका त्यांच्या हातून उभ्या आयुष्यात गेला नव्हता. चेंडू उन्हात सुपारीएवढा झाला, तिळाएवढा झाला, आणि सरळ रेषेत उतरला. त्रिंबकराव डाव्या अंगास वळले आणि त्यांनी तोंड उघडले. डाव्या अंगास कोणी नव्हते. तंबूची कनात वाऱ्याने हलत होती. त्यांनी तोंड मिटले आणि काठी पुसावयास घेतली, आणि ती पुसून झाली तरी पुसत राहिले.

दादाजी म्हणाले, "सूर्यास्तास दीड घटका आहे. मैदानात या घडीस एकच माणूस आहे, आणि तिचीही जोडी नाही."

ती वेणूताई गद्रे. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, वय त्रेसष्ट. बहिणीबरोबर खेळत, बहीण गुडघ्यांनी बसली तेव्हापासून एकट्या खेळत, आणि कोणाशी बोलत नसत. संस्थानात लोक त्यांना भीत. त्रिंबकरावांस जन्मात कोणास चला म्हणावे लागले नव्हते. आजवर हाक बाहेरून येई. ते नवव्या ठाण्यापर्यंत गेले आणि दहा पावलांवर उभे राहिले. वेणूताईंनी फटका पुरा केला आणि मान न वळवता म्हटले, "उभे राहायचे तर सावली दुसरीकडे पाडा."

त्रिंबकराव बाजूस सरले आणि म्हणाले, "आज पंचमी आहे."

"पंचांग आहे माझ्याकडे."

"जोडी लागते मोहिमेला."

"लागते."

"तर, म्हणजे, तुमची हरकत नसेल तर," असे म्हणून त्रिंबकराव थांबले. पुढचा शब्द त्यांना येत नव्हता. वेणूताई काठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मदत केली नाही. मग त्रिंबकराव म्हणाले, "माझ्याबरोबर याल का?"

वेणूताई म्हणाल्या, "आठ महिने समोरून जाता, मान वर करीत नाही. मला वाटले, या गृहस्थांना आता कोणी नकोच आहे. येईन. पण मारताना बडबड नको, आणि चुकून मला हैबती म्हणून हाक मारलीत तर काठ्या टाकून घरी जाईन."

मग दोघे तंबूत आली आणि वेणूताईंची मोजणी झाली. त्यांचा हात सावकाश आणि मऊ. कठीण चेंडू त्यांच्या हातून निशाणापाशी पडे आणि पाच पावले पुढे घसरे. मऊ चेंडू जागी बसे. दादाजींनी दोघांकडे पाहिले. त्रिंबकराव लगेच म्हणाले, "मऊच लिहा. मला चालेल."

वेणूताईंनी विचारले, "तुम्हाला किती तोटा?"

"काही फार नाही."

"मी आकडा विचारला."

"अहो, चालेल म्हटले ना. सवय आहे."

"हळबे, मी पस्तीस वर्षे पोरांच्या वह्या तपासल्या. उत्तर लपवणारा मला पाठमोराही कळतो. किती?"

"अकरा पावले," त्रिंबकराव म्हणाले, "आणि थोडा वाक."

"मग अकरा म्हणून सांगायचे. चेंडू एक, माणसे दोन. तोटाही दोघांनी पाहून वाटायचा. माझ्यावर गुपचूप उपकार करायचे असतील तर मी एकटी बरी आहे." आणि दादाजींस म्हणाल्या, "मधला एखादा नाही का?"

मधला होता. त्यात त्रिंबकरावांची पाच पावले जात आणि वेणूताईंचा चेंडू दोन पावले घसरे. दोन्ही आकडे दोघांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले, आणि सूर्य बुडण्यापूर्वी चेंडू नावांपुढे लिहिला गेला.

मोहीम आठव्या दिवशी निघाली. हळबे-गद्रे यांची जोडी तेराव्या ठाण्यापर्यंत समोरच्या जोडीशी बरोबरीत होती. चौदाव्यावर त्रिंबकरावांचा चेंडू झाडीत गेला, वेणूताईंचा फटका झाडास लागून परत आला, आणि पंधरावे ठाणेही गेले, आणि सोळावेही गेले, आणि उरली ठाणी दोनच, म्हणून हार निश्चित झाली. वेणूताई त्यावर एवढेच बोलल्या, "झाडी तुमची, झाड माझे." मग दोघे परत चालू लागली. वाटेत त्रिंबकरावांनी आपण होऊन त्या सापडलेल्या चेंडूची गोष्ट सांगितली, टोपलीपर्यंतची सगळी.

वेणूताईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "हैबतरावांना ठाऊक होते?"

"नाही."

"विचारले होते?"

त्रिंबकराव उभे राहिले. हैबतरावांचा डोळा वाऱ्यात वाकलेले गवत पाहून फटका ठरवणारा होता. एवढ्या डोळ्याच्या माणसास एकोणीस वर्षांत एकदाही काही दिसले नसेल का, हा प्रश्न त्यांस आजवर शिवला नव्हता. वेणूताई चार पावले पुढे जाऊन थांबल्या, मागे वळल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. काही वेळाने त्रिंबकराव म्हणाले, "नाही विचारले," आणि चालू लागले.

तात्पर्य असे: त्रिंबकराव हळबे यांचे नाव जोडीच्या फळ्यावर राहिले आणि सकाळची पाळीही राहिली. हैबतराव काळसेकर यांचे नाव पंचमीच्याच दिवशी माजी फळ्यावर गेले, ते लिहिताना त्रिंबकराव समक्ष उभे होते. हैबतरावांस अकरा पावलांची गोष्ट ठाऊक होती किंवा नव्हती, यास साक्षीदार नाही. सबब ते लिहिले नाही.