घर दाखविणाऱ्या डबीवरून नणंद-भावजयीत पडलेल्या तेढीची हकीकत

श्री. अंतराळी अखंड फिरोन पृथ्वीवरील वाट चुकल्यांस ठिकाण सांगणाऱ्या उपग्रहमंडळास नमन करोन, शके १९४६, क्रोधी नाम संवत्सरे, माघ मासीं जे वर्तमान घडले ते यथास्थित लिहितो ऐसीजे.

तीन खोल्या आणि वर एक गच्ची, इतुक्या मुलखाचे धनी गजाननराव महाराज कैलासवासी जाहले. तेव्हा कन्या अरुंधतीबाई, ज्यांस ताईसाहेब म्हणत, सासरच्या मुलखातून आल्या आणि दिवसकार्य उरकेतों राहिल्या. ग्रंथवाचन मोठे, चारचौघांत डोळा ओला होऊ न देण्याची रीत. महाराजांनी पेन्शनीत मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे नखाएवढ्या संगणकाचा, छंद धरिला होता. साबणाच्या डबीत इवले सर्किट बसविले, त्यावर पडदा लाविला, आणि घराचे अक्षांश-रेखांश आत भरिले. घरापासून आपण किती दूर आहों हे डबीने सांगावे, ऐसा मनसुबा. उपग्रहांचे ऐकणारा जीपीएसचा तुकडा एकवार जोडोन पाहिला, मग नीट बसवावा म्हणोन सोडविला, आणि तितक्यात बोलावणे आले. युवराज परमुलखी चाकरीस, म्हणोन या उद्योगात महाराजांशेजारी सूनबाई हेमांगीबाई बसत. ताईसाहेबांचा फोन आला की महाराज खुशाली पुसत आणि फोन सूनबाईंकडे देत. सूनबाईंच्या बोटास सोल्डरिंगचा चटका बसल्याचा डाग होता. ताईसाहेबांनी तो पाहिला, आणि त्या डागाचाही त्यांस हेवा वाटला.

मग ताईसाहेब बोलल्या, "डबी माझ्या वडिलांची. मीच पुरी करीन."

सूनबाई म्हणाल्या, "करा, वन्सं." इतुका सहज होकारही ताईसाहेबांस टोचला.

मग ताईसाहेबांनी तारा जोडिल्या. सर्किट आणि जीपीएसचा तुकडा, दोहींकडे टीएक्स, आरएक्स ऐसी अक्षरे छापलेली. आणि अक्षरास अक्षर मिळवोन वाचणे हा तर जन्माचा शिरस्ता. म्हणोन टीएक्स टीएक्सला आणि आरएक्स आरएक्सला जोडिली, आणि डबी उघड्या आभाळाखाली गच्चीवर नेली. पडद्यावर 'शोधत आहे' इतुकेच उमटे. दुपारमागून दुपार गेली. पलीकडल्या गच्चीवरोन केतकरकाकूंनी विचारले की, हे कसले पापड गं, वाळता वाळेनात? ताईसाहेब हसल्या नाहीत.

निघावयाच्या आदल्या दुपारी सूनबाई चहा घेऊन वर आल्या, डबीकडे पाहत्या जाहल्या, आणि हळूच म्हणाल्या, "टीएक्स ही बोलणारी तार, वन्सं. ती समोरच्याच्या ऐकणाऱ्या तारेला, आरएक्सला जोडायची. आत्ता दोघेही बोलताहेत, ऐकत कुणीच नाही."

"तुला केव्हापासून ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासून. बाबांनीही अगदी हेच केलं होतं. कळल्यावर इतके हसले की ठसका लागला." मग कपाची कड पुसत म्हणाल्या, "ते हसणं मला कुणाला द्यायचं नव्हतं."

ताईसाहेबांस राग यावा तो आला, आणि चहा निवेतों राहिला. आपणही ऐसेच केले असते, हे त्यांस ठाऊक होते. मग त्यांनी तारा सोडविल्या, डबी दोघींच्या मधे ठेविली, आणि म्हणाल्या, "सांग. कसे हसले?"

सूनबाई सांगत गेल्या, आणि ताईसाहेब तारा फिरवोन जोडीत गेल्या. थोड्याच वेळात पडद्यावर उमटले: घर, तीन मीटर. मग दोन. मग पुन्हा तीन.

सूनबाई म्हणाल्या, "तुम्ही न्या. इथे राहणाऱ्याला हिचा काय उपयोग?"

मग ताईसाहेब दुसरे दिवशी गाडीत खिडकीशी बसल्या, डबी मांडीवर घेतली, आणि मीटरांचे किलोमीटर होताना पाहत सासरी गेल्या.

तात्पर्य, डबी ताईसाहेबांस मिळाली, आणि तेढ सरली. परंतु सूनबाईंस डबीची गरजच नव्हती, इतुका हेवा मात्र ताईसाहेबांच्या मनी मागे राहिला, तो अद्याप आहे.