घरच्या मैदानाचा फायदा

शहर मोठे झाले की नाही, हे त्याच्या इमारतींवरून ठरवू नये; त्याच्या नावाने कोण हरते यावरून ठरवावे. गावाच्या नावाने गावातलीच पोरे हरतात आणि गुडघे फोडून घरी जातात. शहराच्या नावाने हरायला मात्र बाहेरून माणसे आणावी लागतात, त्यांना करार, फिजिओ आणि इस्त्रीची जर्सी द्यावी लागते. नवी मुंबईत रुंद रस्ते होते, मॉल होते, खाडीवर फ्लेमिंगोसुद्धा वेळेवर येत होते. पण तिच्या नावाने रीतसर हरणारे कोणी नव्हते. ही लाजिरवाणी उणीव खाडीकाठ प्रीमियर कबड्डी लीगने भरून काढली.

लीगमध्ये सहा व्यावसायिक संघ होते. बेलापूर बुलेट्स, महापे मशीन्स, मोरा मरीनर्स आणि असेच आणखी तीन. (गावाचे आणि संघाचे पहिले अक्षर जुळावे, ही स्थानिकतेची एकमेव अट होती. ती सर्वांनी काटेकोरपणे पाळली.) खेळाडू हरयाणातून, तमिळनाडूतून आणि एक तर थेट इराणमधून आला होता. मोरा मरीनर्समधल्या एकानेही मोऱ्याचा धक्का पाहिलेला नव्हता. त्यांच्या जर्सीवर लाँचऐवजी पिसारा फुलवलेला मोर छापला होता आणि तो इतका देखणा होता की चूक सांगायला कोणाचे मन झाले नाही.

बेलापूर बुलेट्सचे घरचे मैदान निवटवलीला होते. निवटवली म्हणजे खाडीच्या तोंडाशी, टॉवरांच्या पायाशी उरलेले गाव. तिथल्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष नामाशेठ. (शेती गेली की या भागातला शेतकरी शेठ होतो. मोबदल्यातला तेवढा भाग मात्र लगेच मिळतो.) नामाशेठनी तरुणपणी याच मैदानात अनवाणी चढाया केल्या होत्या. डावा गुडघा त्यांनी इथेच कायमचा ठेवला होता. गावची भातशेती गेली, मिठागरे गेली, तेव्हा ते रडले नाहीत. पण मैदानाकडे कोणी मोजपट्टी घेऊन फिरकला की ते लंगडत त्याच्या मागोमाग फिरत. नकाशावर मैदानाचे नाव ‘मोकळी जागा’ असे होते, आणि मोकळ्या जागेचे काय होते हे निवटवलीत तान्ह्या पोरालाही ठाऊक होते.

म्हणून बुलेट्सचे मालक, जे पेशाने बांधकाम व्यावसायिक होते, मैदान मागायला आले तेव्हा नामाशेठनी त्यांना गावदेवीसमोर उभे केले आणि शब्द घेतला. लीग इथे खेळते तोवर मैदानाला वीट लागणार नाही. मालकांनी नारळ फोडून शब्द दिला. फक्त एवढेच म्हणाले, की संघ तळाला गेला तर लीगमधून बाद होतो आणि मग लीगही नाही अन् शब्दही नाही. त्या दिवसापासून नामाशेठना आयुष्यात पहिल्यांदा हरयाणाच्या सात माणसांच्या प्रकृतीची काळजी वाटू लागली.

हंगामाच्या तोंडावर लीगच्या चाहता-संबंध अधिकारी मनस्वी मॅडम गावात आल्या. महाप्याच्या एका ऑफिसात बसून त्या सहा गावांच्या भावना सांभाळत. समाजमंदिरात पडदा लावून त्यांनी घरच्या मैदानाचा फायदा म्हणजे काय ते समजावले.

“हे बघा काका, आपण यजमान संघ. समोरचा पाहुणा संघ. पाहुणा आला की त्याला सेटल होऊ द्यायचं नाही. फुल प्रेशर ठेवायचं. एवढं तुम्ही गावकऱ्यांनी केलं ना, की बाकी टेन्शन नाही.”

सभा टाळ्या वाजवून उठली. मागच्या रांगेत नामाशेठच्या पत्नी भागीरथीबाई बसल्या होत्या. गावातल्या लग्नांत धवले गाणारी धवलारीण म्हणून त्यांचा मान होता, आणि शंभर पानांच्या पंगतीला मीठ किती लागते हे त्या डोळे मिटून सांगत. पडद्यावरच्या दीड तासातले दोनच शब्द त्यांच्या कामाचे होते. ते त्यांनी उचलले.

“पावने कती जना हान?” त्यांनी विचारले.

“बारा प्लेयर आणि स्टाफ,” मनस्वी मॅडम म्हणाल्या. त्यांना वाटले, बाई सुरक्षेचे विचारताहेत.

पहिला सामना महापे मशीन्सशी होता. पाहुणा संघ बसमधून उतरला तो गावच्या बायकांनी दारातच अडवला. हातपाय धुवायला पाणी दिले, ओवाळले आणि मंडपात पाट मांडून बसवले. तांदळाच्या भाकऱ्या, वडे, मटण, कोलंबीचे कालवण, वर सोलकढी. खेळाडूंनी सामना आहे, डाएट आहे, अशी कारणे सांगून पाहिली. पण निवटवलीत पोट भरले हे पाहुण्याने ठरवण्याची पद्धत नाही. मनस्वी मॅडमनी सांगितलेले प्रेशर गावाने तंतोतंत ठेवले. गावात त्याला आग्रह म्हणतात.

महापे मशीन्स दारुण हरले. त्यांचा मुख्य चढाईपटू मध्यरेषेपर्यंत गेला, तिथे थांबला, पोटावर हात ठेवला आणि परत आला. कबड्डी कबड्डीचा दम घेताना एकाला मध्येच ढेकर आला. दम तुटला म्हणून पंचांनी त्याला बाद दिले. (ढेकर हा दमाचा भाग धरावा, असे अपील नंतर दाखल झाले. ते अजून विचाराधीन आहे.)

पुढचे तीन पाहुणे संघही याच वाटेने गेले. लीगच्या विश्लेषण विभागाने अहवाल काढला: निवटवलीत पाहुण्या संघाचा चढाईचा वेग निम्म्यावर येतो, जांभया चौपट होतात, आणि सामना हरूनही बसमध्ये बसताना सरासरी समाधान घरच्या संघापेक्षा जास्त असते. कारण म्हणून खाडीवरील आर्द्रता नोंदवण्यात आली. नामाशेठना खरे कारण माहीत होते, पण अन्नदानाने मैदान वाचत असेल तर देवीलाही ते वावगे वाटणार नाही, असा त्यांनी हिशेब मांडला. कित्येक वर्षांनी त्यांना दुपारची झोप लागू लागली.

फक्त एका गोष्टीकडे सर्वांचे दुर्लक्ष झाले. मंडपाच्या पडद्यापलीकडे बुलेट्सचे स्वतःचे खेळाडू बसलेले असत. आहारतज्ज्ञाने मोजून दिलेले उकडलेले चिकन आणि तीन काकड्या त्यांच्या पुढ्यात असत, आणि वाऱ्याची दिशा त्यांच्या बाजूने नव्हती; कालवणाचा वास थेट त्यांच्या नाकात येई. घरच्या मैदानावर जिंकणारे पण बाहेर सगळीकडे हरणारे बुलेट्स अखेरीस तळाच्या काठावर येऊन उभे राहिले. शेवटच्या सामन्यात हार म्हणजे बाद. सामना होता मोरा मरीनर्सशी, निवटवलीतच.

हे ऐकून नामाशेठ निर्धास्त झाले आणि भागीरथीबाई कामाला लागल्या, कारण त्यांची मुलगी उन्नती मोऱ्याला दिलेली होती.

“पावने नुसते नाय, सोयरे हान ते,” त्यांनी जाहीर केले. “ह्यांच्या पानात कमी परला तं पोरीला सासरी बोलनी खावी लागतील.”

“अगो, त्यांच्यात मोऱ्याचा एक बी नाय. एक तं इरानचा हाय.”

“जर्सीवर मोऱ्याचा नाव हाय ना? मंग झाला.”

सोयऱ्यांसाठी जिताडा आणला गेला. जिताडा हा खाडीतला असा मासा आहे की तो विकत घेऊन स्वतः खाणारा माणूस या पट्ट्यात उधळा समजला जातो. तो व्याह्यांना, जावयाला किंवा ज्याच्या सहीवाचून काम अडले आहे त्या साहेबालाच द्यायचा असतो. मरीनर्स पानावर बसले, धवले सुरू झाले, आणि त्याच वेळी मंडपाचा पडदा बाजूला झाला. बुलेट्सचा कप्तान आत आला. सहा फुटी, मानेचा पत्ता नसलेला माणूस, पण डोळ्यांत पाणी होते.

“चाची,” तो हात जोडून म्हणाला, “मेहमान तो हम भी हैं.”

  पुढे काय होणार ते नामाशेठना स्वच्छ दिसले आणि ते गुडघा विसरून धावले.

“याला पानात वाहरू नको. तो आपला हाय, आपल्या टीमचा.”

“आपला?” भागीरथीबाईंनी कप्तानाला वरपासून खालपर्यंत पाहिले. “याचा घर कुठं हाय?”

“हरयानाला.”

“हतं कुठं रव्हतो?”

“खारघरला, भाऱ्यानी.”

“मंग आपला कसा? पावनाच हाय तो. आन आपन चार म्हयने त्याला उपाशी ठेवला.” त्यांनी कपाळावर हात मारला. “पाट मांरा रे.”

नामाशेठना सांगायचे होते की मैदान जाईल. त्यांनी तोंड उघडलेही. पण पानावर बसू पाहणाऱ्या माणसाला ऊठ म्हणायचे, हे वाक्य त्यांच्या सात पिढ्यांत कोणी उच्चारलेले नव्हते, त्यामुळे ते कसे सुरू करतात हे त्यांना माहीत नव्हते. भीड भिकेची बहीण, असे वडील सांगत. त्यांनी मुकाट्याने वाढपाची बादली उचलली आणि कप्तानाच्या पानात जिताड्याचे डोके वाढले.

सामन्याला पंच होते पनवेलचे रशीदभाई. ते आणि नामाशेठ एकेकाळी याच मैदानात एकमेकांच्या तंगड्या ओढत. रशीदभाईंनी शिट्टी वाजवली आणि काही घडले नाही. दोन्ही संघांचे खेळाडू आपापल्या अंगणात सुखाने उभे होते. चढाईला आलेला मध्यरेषा ओलांडी, समोरच्यांकडे पाहून मान डोलवी आणि जपून परत जाई. पकड करायला वाकणे कोणालाच शक्य नव्हते. तीन चढाया रिकाम्या गेल्या की समोरच्याला गुण, या नियमाने आळीपाळीने गुण मिळत राहिले. एकाही खेळाडूने दुसऱ्याला न शिवता संपलेला हा कबड्डीतला पहिला सामना मानला जातो.

“नामा,” मध्यंतराला रशीदभाई जवळ येऊन म्हणाले, “कबड्डी हाय का बारसं?”

 नामाशेठ पायाखालची माती बुटाच्या टोकाने सारखी करत होते.

सामना बरोबरीत सुटला. नियमपुस्तिकेत लिहिले होते की बरोबरी झाल्यास निकाल यजमानाच्या बाजूने लागेल. नामाशेठचा जीव भांड्यात पडला, पण तो तिथे फार वेळ राहिला नाही. मरीनर्सच्या व्यवस्थापनाने हरकत घेतली की बुलेट्स पाहुण्यांच्या पंगतीत जेवले, शंभर साक्षीदार आहेत, तेव्हा ते यजमान कसे? बुलेट्सच्या कप्तानाला विचारले तर त्या भल्या माणसाने खाल्ल्या मिठाला जागून सांगितले, “हम मेहमान थे.”

प्रकरण सीबीडी बेलापूरला लीगच्या समितीपुढे गेले. समितीने तीन बैठका घेतल्या (तिन्ही निवटवलीत, प्रत्यक्ष पाहणीसाठी, दुपारी जेवणाच्या सुमारास) आणि एकमताने निर्णय दिला. ज्याच्या जागेत पाहुणा उतरतो आणि जेवतो तो यजमान. या व्याख्येप्रमाणे दोन्ही संघ पाहुणे, समिती पाहुणी, मालक पाहुणे आणि प्रेक्षकही पाहुणे ठरतात; यजमान एकटे निवटवली गाव. सबब सामना निवटवली गावाने जिंकला आहे.

गावाने गुलाल उधळला. नामाशेठच्या हातात चषक आला. त्यांनी तो मैदानाच्या मधोमध ठेवला आणि भर सभेत डोळे पुसले. निवटवलीला ‘कायमस्वरूपी यजमान गाव’ हा दर्जा मिळाला, शाल मिळाली, मनस्वी मॅडमनी सेल्फी घेतला. मग मालकांनी निर्णयाचा उरलेला अर्धा भाग वाचला. यजमानाची कर्तव्ये: पाहुण्याला जेवण देणे, आणि पाहुण्याला जागा देणे. जेवणाची बाजू गावाने उत्तम सांभाळली आहे. जागेचा प्रश्न राहतो. लीगच्या पाहुण्यांसाठी निवास बांधावा लागेल, आणि गावात मोकळी जागा एकच आहे.

“तुमी शब्द दिल्ता,” नामाशेठ म्हणाले. “गावदेवीसमोर. वीट लागनार नाय बोल्लाव.”

“नाही लागणार,” मालक म्हणाले. आणि त्यांनी शब्द पाळला. पुढे उभ्या राहिलेल्या पूर्ण इमारतीत एकही वीट नाही, सगळे काँक्रीट ओतीव आहे. त्या सभेत ते पुढे एवढेच म्हणाले, “आता पाहुण्यांना जागा नाही असं यजमानांनी स्वतः सांगावं. तुम्ही म्हणाल तसं.”

सगळे नामाशेठकडे पाहू लागले. भागीरथीबाईसुद्धा. पुन्हा तेच वाक्य होते आणि पुन्हा ते कसे सुरू करतात हे त्यांना कळले नाही.

पुढच्या हंगामात लीग बंद पडली, पण इमारत तोवर बाविसाव्या मजल्यावर पोहोचली होती. नाव ‘अतिथी हाइट्स’. पाहुणे उरले नव्हते म्हणून फ्लॅट विकायला काढले, ते हातोहात गेले. पोडियमवर योगा डेक आहे, कुत्र्यांसाठी वेगळी बाग आहे. मुलांनी खेळू नये अशी पाटी आहे. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, असे जुने लोक म्हणत. हल्ली तिसऱ्या दिवशी राहणाऱ्याला रेसिडेंट म्हणतात.

नामाशेठ संध्याकाळी गेटबाहेरच्या कठड्यावर बसतात. मधली रेषा कुठे होती ते त्यांना अजून नेमके सांगता येते. आता तिथे व्हिजिटर पार्किंग आहे. शेजारी भागीरथीबाई असतात. सामान घेऊन नवे कुटुंब आत जाताना दिसले की त्या उठून विचारतात, “जेवलाव का?”

गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला. गेटवर कोणी अनोळखी म्हातारी रेसिडेंट्सना थांबवून पर्सनल प्रश्न विचारते, सिक्युरिटीने ॲक्शन घ्यावी. त्याखाली पटापट अंगठे पडले. त्यांतला चौथा अंगठा तुमचा आहे, बी विंग, सातवा मजला. त्या दिवशी तुम्ही जेवला नव्हता, तरी बाईंना हो म्हणून पुढे गेलात.